छत आपल्या डोक्यावर, सही दुसऱ्याची



पत्रिकेत माझ्या नावापुढे 'शहरी गृहनिर्माण आणि मुस्लिम तरुण' असा मोठा विषय छापलाय. एवढ्या मोठ्या विषयाचा माझा अभ्यास नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, ऐरोलीला नोकरी करतो आणि गेली अकरा वर्षं मुंब्रा-कौसा भागात भाड्याच्या घरात राहतो. या अकरा वर्षांत तीन घरं बदलली. तेव्हा भाड्याच्या घराबद्दल, आणि एका बिल्डिंगमध्ये आम्ही भाडेकरूंनी मिळून जे केलं त्याबद्दल बोलतो.

मुंब्रा असा का वाढला हे इथल्या बहुतेकांना घरूनच माहीत असेल. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतून मुस्लिम कुटुंबं इथे आली ती कायमची. घरांची मागणी अफाट, लोकांना घाई, हातात पैसा थोडा. मग शेतजमिनीवर, डोंगराच्या पायथ्याशी, जागा मिळेल तिथे इमारती उभ्या राहिल्या. त्यातल्या कितीतरी परवानगीशिवाय. ४ एप्रिल २०१३ला शिळफाट्याच्या लकी कंपाउंडमधली इमारत पडली आणि ७४ माणसं गेली. वर बांधकाम चालू होतं आणि खालच्या मजल्यांवर कुटुंबं राहायला आलेली होती. अर्धवट बांधलेल्या इमारतीत माणूस हौसेने राहायला जात नाही. भाडं कमी असतं म्हणून जातो.

दुसरीकडे घर का नाही घेत, असं ऑफिसातले लोक मला विचारतात. मी एकदा घोडबंदर रोडला फ्लॅट बघायला गेलो होतो. एजंट फोनवर 'या सर, या सर' करत होता. गेटवर नाव सांगितलं तर म्हणाला, मालकांना फॅमिली पाहिजे. मी म्हटलं, बायको आहे, मुलगी आहे, फॅमिलीच आहे. तो जरा थांबला आणि म्हणाला, "तशी नाही." बिचाऱ्याला स्वतःलाच लाज वाटत होती. अशा गोष्टी तुमच्यातल्या प्रत्येकाकडे दोन-तीन असतील. सच्चर समितीच्या २००६च्या अहवालातही मुस्लिमांना घर भाड्याने किंवा विकत मिळताना येणाऱ्या अडचणींची नोंद आहे.

कायदा काय म्हणतो? इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. संविधानाचं पंधरावं कलम धर्म, जात यांवरून भेदभाव करू नका असं मुख्यतः सरकारला सांगतं. दुकान, हॉटेल, विहीर, रस्ता अशा सार्वजनिक जागांबाबत ते सगळ्यांनाच लागू होतं. पण खासगी मालकाने घर कोणाला भाड्याने द्यावं, याबद्दल तिथे काही नाही. २००५ साली गुजरातमधल्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा उपविधी वैध ठरवला. म्हणजे घराच्या दारात 'तशी नाही' असं कोणी म्हणालं, तर आज तरी तुमच्या हातात सरळ वापरता येईल असा कायदा नाही. तो व्हायला हवा, त्यासाठी बोलत राहायला हवं. मात्र तोवर काय करायचं, हा आजच्या बोलण्याचा मुद्दा आहे.

त्याआधी एक कडू गोष्ट. आम्ही बिल्डिंगमध्ये कामाला लागलो तेव्हा आसपासच्या पंधरा-वीस इमारतींचे नोटीस बोर्ड मी वाचत फिरलो. 'बॅचलरना घर देऊ नये.' 'एकट्या बाईला देऊ नये.' तोंडी ऐकलेल्या अटी तर वेगळ्याच. अमुक जमातीचा नको, अमुक मसलकचा नको, बिहारचा नको, तलाक झालेली नको. एका तलाक झालेल्या शिक्षिकेला दोन मुलांसह सात ठिकाणी नकार मिळाला, आणि नकार देणारे सगळे आपलेच. घोडबंदर रोडच्या मालकाला आपण जे सुनावतो, ते कौशातल्या मालकाला का सुनवत नाही? मला याचं समाधानकारक उत्तर कोणी दिलेलं नाही.

आता कागदाकडे येतो.

आपल्याकडे घर भाड्याने घेण्याच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे थोडं डिपॉझिट आणि दरमहा भाडं. दुसरी हेवी डिपॉझिट. भाडं नाही किंवा नावाला, त्याऐवजी चार-पाच-सहा लाख एकरकमी द्यायचे आणि घर सोडताना तेवढेच परत घ्यायचे. गावची जमीन विकून, दागिने मोडून, आखाती देशात साठवलेल्या पैशातून ही रक्कम उभी राहते. लोक याला नावं ठेवतात, पण त्यामागे हिशेब आहे. रिक्षावाला, जरीवाला, फेरीवाला यांची कमाई महिन्याला सारखी नसते. दर पाच तारखेला आठ-नऊ हजार बाजूला काढण्यापेक्षा एकदाच रक्कम दिली की डोक्याचा ताप जातो. मालकालाही बिनव्याजी भांडवल मिळतं.

हे पैसे परत कसे येतात, ते बघा. मालक ते कपाटात ठेवत नाही. त्याने त्यातून दुसरा फ्लॅट घेतलेला असतो, मुलीचं लग्न केलेलं असतं. तुम्ही घर सोडता तेव्हा तो म्हणतो, नवीन पार्टी आली की देतो. म्हणजे तुमचे सहा लाख पुढच्या भाडेकरूच्या खिशात आहेत आणि तो भाडेकरू अजून आलेला नाही. मालकाने फ्लॅटवर कर्ज काढून हप्ते थकवले असतील तर बँक ताबा घ्यायला येते. इमारत धोकादायक ठरली तर नवीन पार्टी कधीच येत नाही. आणि एकच फ्लॅट दोघांना देणारे महाभागही असतात.

आणि एवढी रक्कम कशावर दिली जाते? शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर. नोटरीचा शिक्का मारून. "अकरा महिन्यांचा करार आहे, रजिस्टर करायची गरज नाही," असं एजंट छातीठोकपणे सांगतो. महाराष्ट्रात हे चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याचं ५५वं कलम सांगतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असला पाहिजे आणि नोंदवलेला असला पाहिजे. महिने अकरा असोत की पाच. नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे. त्याने ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं.

खर्चाचं म्हणाल तर हिशेब सोपा आहे. मुद्रांक शुल्क पाव टक्का. ते एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्याने धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर लागतं. सहा लाख हेवी डिपॉझिट, अकरा महिने. व्याज झालं पंचावन्न हजार. त्याचा पाव टक्का म्हणजे एकशे अडतीस रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. शुल्क आणि फी मिळून बाराशेच्या आत. एजंट घरी येऊन आधारवर अंगठे घेतो त्याचे पैसे वेगळे. सहा लाखांच्या कागदाला बाराशे रुपये जड का वाटतात, हे मला कळत नाही. मोबाइलच्या टेम्पर्ड ग्लासवर आपण यापेक्षा जास्त विचार करतो.

मालकांना पटवायला एक गोष्ट उपयोगी पडते. मुदत संपल्यावर लायसन्सवाला निघत नसेल, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन तुलनेने लवकर ताबा मिळतो. त्या वेळी लेखी करार हाच पुरावा असतो. पक्का कागद मालकालाही हवाच असतो. दंडाची धमकी देण्यापेक्षा हे सांगितलं की काम लवकर होतं.

आणखी तीन गोष्टी. डिपॉझिटची पूर्ण रक्कम करारात लिहा आणि बँकेतून द्या. फ्लॅटचा इंडेक्स टू, वीजबिल आणि घरपट्टीची पावती कोणाच्या नावावर आहे ते बघा. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं हे मालकाचं काम आहे आणि ती माहिती देणं आहे, परवानगी मागणं नाही. कोणी एजंट 'पोलीस एनओसीचे पाच हजार' म्हणाला, तर त्याला पावती मागा.

हेवी डिपॉझिट शरियतमध्ये बसतं का, हा प्रश्न मला दर वेळी येतो. उलमांमध्ये त्यावर मतभेद आहेत, तुमच्या आलिमना विचारा. मी इतकंच म्हणेन की कुरआनातली सगळ्यात लांब आयत, सूरह बकराची २८२वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवा आणि साक्षीदार ठेवा हे सांगण्यासाठी आहे. आणि आपण सहा लाख 'भाई, जबान है' म्हणून देतो.

अजून एक भेद समजून घ्या, कारण इथे पुष्कळ लोक फसतात. कायद्याने 'भाडेकरू' आणि लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा हे एक नव्हेत. दुरुस्ती करणं ही मालकाची जबाबदारी, नोटीस देऊनही त्याने केली नाही तर भाडेकरूने स्वतः करून ठरावीक मर्यादेत भाड्यातून वळती करणं, पाणी-वीज तोडायला मनाई, ही संरक्षणं त्या कायद्यात 'भाडेकरू' या शब्दाला जोडलेली आहेत. पागडीवाल्याला ती मिळतात. लिव्ह-लायसन्सवाल्याला मुदत संपली की निघावं लागतं, आणि रिडेव्हलपमेंटमध्ये त्याचा वाटा शून्य. म्हणून ज्या गोष्टी कायदा देत नाही त्या करारात लिहून घ्यायच्या. दुरुस्ती कोणाची, किती दिवसांत, पाण्याची मोटर बिघडली तर कोणी बघायचं, डिपॉझिट किती दिवसांत परत. चार ओळी पुरतात.

आता आमच्या बिल्डिंगबद्दल. नाव सांगत नाही, कारण काम अजून चालू आहे. सात मजले, बेचाळीस फ्लॅट, वय चोवीस वर्षं. बेचाळीसपैकी सव्वीस भाड्याने दिलेले. सोसायटी नोंदणीकृत आहे, ही आमच्या भागात नशिबाची गोष्ट समजा. पण सोसायटीत मत असतं मालकाला. आमच्या मालकांपैकी अकरा जण आखाती देशांत आहेत. भाडेकरू फार तर नाममात्र सभासद होऊ शकतो, त्यालाही मत नसतं. म्हणजे ज्याच्या डोक्यावर प्लास्टर पडतं त्याला मत नाही, आणि ज्याला मत आहे तो दम्मामला.

तरी बिल्डिंगची खरी खबर भाडेकरूलाच असते. गळती कधी सुरू झाली, कोणत्या भिंतीला ओल आहे, लिफ्ट कोणत्या मजल्यावर झटका देते, मीटर रूममध्ये कधी जळका वास आला, हे सगळं रोज राहणाऱ्याला दिसतं. मी सिव्हिलवाला नाही, पण एवढं समजून घेतलं की काँक्रीट आपोआप सडत नाही. पाणी मुरतं, आतल्या सळईला गंज चढतो, गंजलेली सळई फुगते, तिच्यावरचं काँक्रीट फोडते आणि मग छताचा पोपडा खाली येतो. पोपडा पडायच्या कितीतरी आधी ओलीचा डाग दिसतो. तो भाडेकरू बघतो, मालकाला फोन करतो, मालक म्हणतो, "पेंट मारून घ्या."

माझं शिक्षण ऐकून लोकांना वाटलं मी ॲप बनवणार. दोन पोरं तर नावही सुचवून गेली. मी दोनशे पानांची वही आणली. वहीत सहा रकाने आखले: फ्लॅट नंबर, काय बिघडलं, कधी दिसलं, फोटो आहे का, कोणाला सांगितलं, पुढे काय झालं. वही चौथ्या मजल्यावरच्या एका खालांकडे ठेवली, कारण त्या दिवसभर घरी असतात आणि त्यांना कोणी नाही म्हणत नाही.

पहिली बैठक रविवारी सकाळी गच्चीवर बोलावली होती. चार पुरुष आले, त्यातला एक कबुतरांना दाणे घालायला आला होता. खालांनी नंतर मला ऐकवलं, "पानी हम भरें, मीटिंग तुम करो?" मग बैठक दुपारी जोहर आणि असरच्या मधे, त्यांच्याच घरात घेतली. एकोणीस बाया आल्या. वही त्या दिवशीच अर्धी भरली. तुमच्या बिल्डिंगमध्ये काही करायचं असेल तर वेळ आणि जागा बायांना विचारून ठरवा. बाकी शिकवण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही.

तीन महिन्यांत ११७ नोंदी झाल्या. त्या मी एक्सेलमध्ये टाकल्या, एवढंच माझ्या डिग्रीचं योगदान. ११७पैकी ६४ पाण्याच्या. मजल्यांप्रमाणे लावून बघितल्या तर ६४पैकी ४१ फक्त दोन ओळींत होत्या. एकशे तीन, दोनशे तीन, तीनशे तीन, अशी सरळ वर सातशे तीनपर्यंत, आणि तशीच पाच नंबरची ओळ. कमिटी इतकी वर्षं प्रत्येक घराचं वेगळं भांडण समजत होती. दोनशे तीनवाला तीनशे तीनवाल्याशी बोलत नव्हता, कारण "तुमच्या बाथरूमचं पाणी आमच्याकडे येतं." प्रत्यक्षात बाथरूमच्या मागून खाली येणारे सांडपाण्याचे दोन उभे पाइप जागोजागी फुटलेले होते. एकेचाळीस तक्रारी आणि पाइप दोन.

हा कागद घेऊन आम्ही सेक्रेटरीसाहेबांकडे गेलो. ते वाईट माणूस नाहीत. बिनपगारी काम करतात, लोकांच्या शिव्या खातात, मेंटेनन्सची थकबाकी मागत जिने चढतात. त्यांनी पहिलं विचारलं, "तुम्ही भाडेकरू, तुमचा काय संबंध?" खाला म्हणाल्या, संबंध नको तर छत्री द्या. मग ते कागद बघायला लागले. पाइप बदलायला चौदा बाथरूम एकापाठोपाठ एक उघडी मिळायला हवी होती, आणि त्यातली दहा भाडेकरूंच्या ताब्यात. इथे कमिटीला आमची गरज पडली. कोणत्या दिवशी कोणाचं बाथरूम बंद, ते कुटुंब शेजारी कोणाकडे जाणार, याचं वेळापत्रक बायांनी बनवलं. नऊ दिवसांचं काम नऊ दिवसांत झालं. त्यानंतर कमिटीच्या बैठकीला दोन भाडेकरूंना बोलावलं जातं. मत नाही, चहा मिळतो आणि बोलू देतात.

एक गोष्ट खास तुमच्यासाठी. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्मी कुटुंबं उत्तर प्रदेश, बिहारची. काही कोकणी, काही मराठवाड्यातली. महापालिकेचं कामकाज मराठीत चालतं. पाण्याचा अर्ज, गटाराची तक्रार, माहिती अधिकाराचा अर्ज, सगळं मराठीत लिहिलं की टेबलावर लवकर सरकतं. आजमगढच्या माणसाला त्या काउंटरची भीती वाटते. तुम्हाला वाटायचं कारण नाही, तुम्ही मराठी शाळेत शिकलात. आमच्याकडे औरंगाबादकडची एक बीकॉमची मुलगी आहे, तिने एका वर्षात एकवीस अर्ज लिहिले. दहा रुपये भरून माहिती अधिकारात बिल्डिंगची कागदपत्रं तिनेच काढली. बांधकाम परवानगी सापडली, भोगवटा प्रमाणपत्र नाही. हे आम्हाला चोवीस वर्षांनी समजलं.

बाहेरच्या देशात हे कसं चालतं, तेही थोडं सांगतो, कारण मी ते बघितलंय. २०१८-१९मध्ये कंपनीच्या कामासाठी चौदा महिने अमेरिकेत मिनिआपोलिसच्या एका उपनगरात होतो. आपल्याला अमेरिकेचं उपनगर म्हटलं की हिरवळ आणि बंगला आठवतो. मी राहत होतो तिथे पार्किंगभोवती तीन मजली जुन्या इमारती होत्या, आणि त्यांत सोमाली, लायबेरियन, मेक्सिकन आणि आपले तेलुगू लोक. दोन खोल्यांत सहा-सात माणसं. मुंब्र्याची आठवण यावी इतपत.

त्या भागात ब्रुकलिन सेंटर नावाचं छोटं शहर आहे. तिथे घर भाड्याने द्यायचं तर मालकाला शहराकडून परवाना घ्यावा लागतो. इन्स्पेक्टर येऊन तपासतो. दोष कमी असतील तर परवाना तीन वर्षांचा, जास्त असतील तर दोन, एक, आणि फारच असतील तर सहा महिन्यांचा, सोबत सुधारणा कशी करणार त्याचा लेखी आराखडा. राज्याचा कायदा असा की मालक दुरुस्ती करत नसेल तर चौदा दिवसांची लेखी नोटीस द्या आणि मग भाडं मालकाऐवजी कोर्टात भरा. भाडेकरूंना फोनवर फुकट कायदेशीर सल्ला देणारी होम लाइन नावाची संस्था आहे, ती सोमाली भाषेतही बोलते.

हे सगळं चकचकीत नाही. पोलीस किती वेळा आले हेही तेव्हा परवान्यासाठी मोजलं जायचं. मग मालक पोलिसांना बोलावणाऱ्या भाडेकरूवरच चिडायचा. नवऱ्याच्या मारहाणीत बाईने फोन केला तर तिला घराबाहेर काढता येणार नाही, असं कायद्यात वेगळं लिहावं लागलं. आणि परवानाच रद्द झाला तर मालकाचं भाडं बुडतं, पण सामान भाडेकरूला बांधावं लागतं. तरी एक गोष्ट मला पटली. तिथे तपासणी आधी होते. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते, तोपर्यंत पोपडे पडून झालेले असतात. भिवंडीची जिलानी बिल्डिंग २१ सप्टेंबर २०२०ला पहाटे पडली, लोक झोपेत होते, तीसपेक्षा जास्त माणसं गेली.

तपासणीची तरतूद आपल्याकडे नाही असं नाही. तीस वर्षं झालेल्या इमारतीला स्ट्रक्चरल स्थिरतेचा दाखला महापालिका कायद्याने बंधनकारक आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी ऑडिट करा असं लिहिलेलं आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये चोवीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. पाइपच्या कामानंतर कमिटीने ते करून घेतलं. इमारतींचे वर्ग असतात. सी-वन म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडा. सी-टू-ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करा. सी-टू-बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्त करता येईल. सी-थ्री किरकोळ. अहवालाचं पाकीट उघडलं त्या रात्री जिन्यात तीसेक माणसं उभी होती. आम्ही सी-टू-बी निघालो. कोणीतरी मिठाई वाटली. दुरुस्ती निघाल्याबद्दल मिठाई वाटणारी ही पहिलीच बिल्डिंग असेल.

आता खर्च. प्रत्येक फ्लॅटला साधारण सव्वा लाख येतो, मालकाने भरायचा. आखातातल्या अकरा मालकांपैकी सात जण मेसेज वाचून गप्प आहेत. निळ्या टिका दिसतात. पण खरा प्रश्न त्या रात्री दुसऱ्याच माणसाने विचारला. तो झरी-कारखान्यात काम करतो, साडेआठ हजार भाडं देतो. म्हणाला, बिल्डिंग चांगली झाली की भाडं बारा हजार होणार, मग मला काढणार. मी कोणासाठी एवढी धावपळ करतोय?

कोणी काही बोललं नाही, कारण त्याचं बरोबर होतं. अकरा महिन्यांचा करार असेल तर तसंच होतं.

म्हणून आम्ही आता दुरुस्तीबरोबर मुदतीचं बोलतो. लिव्ह अँड लायसन्स साठ महिन्यांपर्यंत करता येतं. नोंदणी फी तीच एक हजार, दर अकरा महिन्यांना अंगठे द्यायची दगदग नाही. आमची मागणी छत्तीस महिन्यांच्या नोंदणीकृत कराराची आहे, वर्षाला भाडेवाढ पाच टक्के, आणि दुरुस्तीचा हप्ता भाडेकरूने भरायचा असेल तर मालकाच्या लेखी संमतीने तो भाड्यातून वळता. आतापर्यंत पाच मालकांनी सही केली. त्यात दोघे दम्मामवाले आहेत, सुट्टीवर आले तेव्हा खालांनी त्यांना जेवायला बोलावलं होतं. झरी-कारखान्यातल्या माणसाच्या मालकाने अजून सही केलेली नाही. परांची पावसाळा संपल्यावर चढणार आहे. तोपर्यंत त्याचा करार झाला नाही तर काय करायचं, यावर आमच्यात दोन मतं आहेत. काम थांबवा म्हणणारेही आहेत.

कराराच्या त्या चार ओळींचा मराठी नमुना आणि वहीच्या पानाची झेरॉक्स मी आणली आहे, टेबलावर ठेवली आहे. अर्ज लिहिणारी ती मुलगीही आज आली आहे, मागच्या रांगेत बसली आहे. महापालिकेबद्दलचे प्रश्न तिला विचारा, तिला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे.